सिजिल, मालवण, रत्नागिरी

शुक्रवार

कोकणकन्येत समोरासमोरचे वरचे बर्थ मिळाले. पनवेल गेलं, डब्यातले दिवे मालवले गेले, आणि पलीकडून भाचीने विचारलं, "मामा, आई सांगत होती तू दिवाळीपासून एकच गेम खेळत बसलायस. आहे काय एवढं त्यात?"

गेम म्हणजे 'प्लेनस्केप: टॉरमेंट'. डिसेंबर १९९९ मध्ये आलेला. ब्लॅक आइल स्टुडिओजने केला, इंटरप्लेने बाजारात आणला, मुख्य रचनाकार ख्रिस अ‍ॅव्हेलोन. मी खेळलो ती बीमडॉगची २०१७ ची सुधारलेली आवृत्ती. त्यातला मजकूर आठ लाख शब्दांच्या घरात असल्याचं सांगितलं जातं. खेळून झाल्यावर ते सहज पटतं, कारण यात तलवार चालवण्यापेक्षा वाचायला कितीतरी जास्त लागतं. निघायच्या थोडे दिवस आधी गेम संपला आणि डोक्यातून जाईना. म्हणून हे प्रवासवर्णन त्याच्यासकट लिहितो आहे, आणि शेवटासकट लिहितो आहे. ज्यांना स्वतः खेळायचंय त्यांनी इथूनच परत फिरावं.

भाचीला सुरुवात सांगितली. सिजिल नावाच्या शहरातलं शवागार. तिथल्या ओट्यावर एक माणूस जागा होतो. अंगभर व्रण, आठवण काहीच नाही, स्वतःचं नावसुद्धा नाही. जवळ हवेत तरंगणारी एक कवटी, मॉर्ट, तिची बडबड अखंड चालू. ह्या माणसाने आधीच्या कुठल्या तरी जन्मात स्वतःसाठीच पाठीवर सूचना गोंदवून घेतल्या आहेत, आणि मॉर्ट त्या वाचून दाखवतो: रोजनिशी सांभाळ, फॅरॉडला शोध. एक ओळ तो गाळतो. कवटीवर विश्वास ठेवू नकोस, ही ती ओळ, आणि ती गाळली होती हे आपल्याला फार उशिरा कळतं.

"म्हणजे तो मेला होता?"

"तो मरतच नाही. मारलं तर उठतो. पण आठवणी पुसल्या गेल्या की पुन्हा कोरी पाटी. असे कितीतरी जन्म झालेत त्याचे, आणि प्रत्येक जन्मातला तो निराळाच माणूस."

"गेम ओव्हर नाहीच? मग मजा काय?"

रोह्याच्या पुढे ती झोपली. तिचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर द्यायला मला रत्नागिरीपर्यंतचा सगळा रस्ता लागणार होता.

शनिवार

कुडाळहून एसटीने मालवण. भातकापणी उरकली होती, खळ्यांत पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या. ज्यांच्या घरी उतरलो त्या काकींनी ओटीवरच "खयसून इलात?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता घावणे वाढायला घेतले. चटणीत ओलं खोबरं इतकं ताजं होतं की भाचीने गेमचा विषय खाणं होईपर्यंत काढला नाही.

जेटीवरून होडीने सिंधुदुर्ग. कुरटे बेटावर १६६४ मध्ये महाराजांनी हा किल्ला बांधायला घेतला. होडी अगदी तटाखाली येते तरी महादरवाजा नजरेला पडत नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो असा दडवला आहे की शत्रूला वाट शोधण्यातच मार खावा लागेल. आत वस्ती आहे, देऊळ आहे, चहूबाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. दूधबाव, साखरबाव, दहीबाव ही त्यांची नावं. भाचीने पोहरा ओढून पाणी चाखलं आणि खरंच गोड असल्याची ग्वाही दिली. राजाराम महाराजांनी उभारलेल्या शिवराजेश्वर मंदिरात महाराजांची मूर्ती दाढीशिवाय आहे. ती बघताना बाईमाणसं, पोरंटोरं सगळी गप्प होतात, कुणी सांगावं लागत नाही.

तटाजवळ छोट्या घुमटीत महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, चुन्यात उमटवलेला. मी तिथे जरा जास्तच रेंगाळलो. साडेतीनशे वर्षांपूर्वी ओल्या चुन्यावर तळवा टेकला, तो क्षण चुन्याने धरून ठेवला. आणि मला डियोनाराचा दगड आठवला. गेममधली मला सगळ्यात खोल लागलेली जागा ती, त्यामुळे तटाच्या सावलीत बसून ती भाचीला नीट सांगितली.

सिजिलमध्ये अनुभव गोळा करणाऱ्यांचा एक पंथ आहे. जगात जे जे अनुभवता येतं ते ते अनुभवावं, हाच त्यांचा धर्म. त्यांच्या सभागृहात अनुभव साठवलेले दगड असतात. दगडाला हात लावला की दुसऱ्याने जगलेला प्रसंग आपल्या अंगावरून जातो. त्यातला एक दगड डियोनाराचा. ही बाई आपल्याला पहिल्यांदा भेटते ती शवागारातच, भूत होऊन. ती आपल्याला ओळखते, प्रियकर म्हणून हाक मारते, आणि आपल्याला ती कोण हे ठाऊक नसतं. दगडात तिने तिच्या हयातीतला एक प्रसंग ठेवला आहे. तो तिला सोडून एका धोक्याच्या वाटेवर निघालाय, ती मला बरोबर ने म्हणतेय, तो तिची समजूत घालतोय. आठवण तिची आहे, त्यामुळे आपल्या छातीत तिचीच माया भरून येते. पण समोर उभा असलेला माणूस आपलाच आधीचा जन्म, म्हणून हळूहळू त्याचंही मन आपल्याला कळायला लागतं. आणि ते मन बर्फासारखं थंड आहे. प्रत्येक गोड शब्द तो मोजून टाकतोय. तिला पुढच्या कामासाठी वापरायची आहे, तिचा जीव गेला तरी चालेल, नव्हे, तो जायलाच हवा आहे. ती प्रेमाने विरघळतेय आणि तो हिशेब करतोय, आणि आपण एकाच वेळी दोघंही आहोत. पडद्यावर नुसती अक्षरं असतात. तरी मला खुर्चीतून उठून फेऱ्या माराव्या लागल्या होत्या.

भाची थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण हे ह्याने नाही ना केलं. म्हणजे आत्ताच्या त्याने."

"त्याला तर आठवतसुद्धा नाही."

"तेच म्हणतेय मी. मग त्याचा काय दोष?"

"दोषाचं राहू दे. डियोनारा मेली ती मेलीच ना?"

ह्यावर ती काही बोलली नाही. मला हा गेम मोठा वाटतो तो नेमका ह्यासाठी. स्मृती गेलेला नायक कथेत नवा नाही, पण बहुतेक ठिकाणी विसरणं म्हणजे सुटका असते. इथे विसरणारा एकटाच विसरतो. ज्यांना त्याने दुखावलं त्यांना सगळं लख्ख आठवत असतं, आणि ते रस्त्यात भेटत राहतात.

संध्याकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर चाललो. रात्री काकींकडे सुरमईचं जेवण, त्यावर सोलकढी.

रविवार

गाडी ठरवून उत्तरेला निघालो. आचऱ्याची खाडी ओलांडली, कुणकेश्वरला दर्शन घेतलं. देऊळ थेट समुद्राला टेकून आहे आणि पायऱ्यांवर उभं राहिलं की लाटांचे तुषार अंगावर येतात. देवगडच्या सड्यावर मैलोन्‌मैल कलमांच्या बागा. हंगाम नव्हता, त्यामुळे भाचीला हापूसच्या नुसत्या पानांवर समाधान मानावं लागलं.

वाटेत तिला गेमच्या दोन-तीन लहान करामती सांगितल्या. बोलताना समोर पर्याय येतात, आणि कधी कधी एकच वाक्य दोनदा दिलेलं असतं, शब्दन्‌शब्द तेच. फक्त एकापुढे 'खरं' लिहिलेलं, दुसऱ्यापुढे 'खोटं'. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखीच ऐकू येतात. आपण कुठलं निवडलं ते फक्त आपल्याला माहीत, आणि गेमला. सुरुवातीला आपलं पात्र ना चांगलं ना वाईट असतं. अशा बारीकसारीक निवडींनी ते हळूहळू घडत जातं. दुसरी करामत अदानची. नाव विचारलं की आपण थाप मारू शकतो, 'अदान' म्हणून. ही थाप पुरेशा लोकांना मारली की एक दिवस अदान नावाचा खराखुरा माणूस शहरात हजर होतो. त्या विश्वात पुष्कळांनी मानलं की ते घडतं.

"हे भारी आहे," भाची म्हणाली. दगडाच्या गोष्टीनंतर ती पहिल्यांदा हसली.

विजयदुर्गावर दुपार गेली. तीन बाजूंनी पाणी, एकाआड एक तिहेरी तट, वर भगवा. उन्हाचा कडाका होता तरी तटावरून वाघोटनच्या खाडीचं मुख बघताना हलावंसं वाटत नव्हतं. इथे फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. समुद्रावरून अ‍ॅडमिरल वॉटसन, जमिनीवर क्लाइव्ह. आणि इंग्रजांशी हातमिळवणी केली होती ती आपल्याच पेशव्यांनी, कारण तुळाजींशी त्यांचं बिनसलं होतं. कान्होजींच्या काळापासून ज्या आरमाराचा परक्या जहाजांना धाक होता ते एका दिवसात राख झालं, आणि पुढे इंग्रजांना ह्या किनाऱ्यावर समुद्रात अडवणारं तोलामोलाचं कुणी उरलं नाही. शाळेत हा धडा आम्हाला दोन ओळींत उरकला होता. तिथे उभं राहून त्या दोन ओळींचा राग येतो.

डॅक्कॉनची गोष्ट मी तिथे सांगितली. गेममधल्या सोबत्यांपैकी हा मला सगळ्यात जवळचा. वयस्क योद्धा, मोजकं बोलणारा. त्याची तलवार त्याच्या मनाप्रमाणे बदलते. मन ठाम असेल तर धारदार, मनात शंका असेल तर बोथट. त्याच्याकडे गोल तबकडीसारखं एक यंत्र आहे, आणि त्याची कडी एकेक करून उलगडली की त्याच्या लोकांच्या धर्मसंस्थापकाची शिकवण वाचायला मिळते. तो आपल्याला ती शिकवतो. आपल्या पात्राची प्रज्ञा पुरेशी असेल तर एका टप्प्यावर शिष्य गुरूच्या पुढे जातो आणि त्याला न सापडलेली कडी उघडतो. मग हळूहळू बाहेर येतं की तो मरणाच्या दारात असताना आपल्याच आधीच्या जन्माने, त्याच हिशेबी जन्माने, त्याला हे यंत्र देऊन वाचवलं होतं. त्या उपकारापोटी डॅक्कॉनने शपथ घेतली: तू मरेपर्यंत तुझी सेवा करीन. आणि हा तर मरत नाही! ज्या जमातीच्या साऱ्या इतिहासाचा गाभाच गुलामीतून सुटणं हा, तिच्यातला एक माणूस असा कायमचा बांधला गेला. हिशेबी जन्माला त्याची श्रद्धा नको होती, त्याची तलवार हवी होती.

"आणि आपण त्याला सोडवू शकतो?"

"तू मोकळा आहेस असं म्हणू शकतोस. पण शपथ तुझ्या म्हणण्याने सुटत नाही, आणि ते त्याला तुझ्याआधी माहीत असतं."

सोमवार

तळेऱ्याला महामार्ग गाठला, खारेपाटणवरून राजापूर. तिथून आत वळून आधी देवाचे गोठणे. सड्यावर चढलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, पावसाळ्यात फुलांनी भरलेलं आणि आता पिवळ्या वाळक्या गवताचं. तिथे कातळात एक माणूस कोरलेला आहे, आडवा, एकटाच. त्याच्याभोवती होकायंत्राची सुई भरकटते असं ऐकलं होतं. भाचीने फोनमधलं होकायंत्र उघडून चित्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत नेलं. उत्तर दिशा जागा बदलत होती. ती पुन्हा सुरुवातीला गेली आणि पुन्हा चालली. कोरणाऱ्यांना हे ठाऊक होतं की नाही, कोण सांगणार.

मग आडिवऱ्याहून कशेळी. आदित्याचं देऊळ बघून सड्यावर गेलो. इथलं कातळशिल्प म्हणजे हत्ती, सुमारे १८ मीटर बाय १३ मीटर. एवढा मोठा की जमिनीवर उभं राहून तो दिसतच नाही. आधी पायाखाली नुसती एक खोदलेली रेघ दिसते, बोटभर खोल, कडा झिजून गोल झालेल्या. तिच्या कडेकडेने चालायला लागायचं. रेघ वळते, ती सोंड निघते. परत वळते, मग पाठ. चालत चालत हत्ती आपल्या डोक्यात उभा राहतो. आणि त्याच्या पोटात आणखी चित्रं आहेत, मासे, पक्षी, चार पायांची जनावरं, एकाशेजारी एक दाटीवाटीने. मी गुडघ्यावर बसून एका माशाच्या शेपटीत बोट घातलं. छिन्नीचे घाव आता मोजता येत नाहीत, पण खाचेचा तळ हाताला अजून खडबडीत लागतो. ऊन कलल्यावर खाचांत सावली भरते आणि चित्रं ठसठशीत दिसतात, म्हणून जायचं तर तेव्हाच जावं.

कोकणातली ही कातळशिल्पं अभ्यासक मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत त्यांतल्या नऊ जागा गेल्या, सात रत्नागिरी जिल्ह्यातल्या, सिंधुदुर्गातली कुडोपी आणि गोव्यातली फणसामळ. कुणी कोरली, त्यांना काय म्हणत असत, कशासाठी एवढे कष्ट घेतले, यातलं काही उरलेलं नाही. उरलं आहे ते त्यांच्या हातचं काम. हे मला मोलाचं वाटतं. नाव गेलं म्हणून केलेलं पुसलं गेलं नाही, आणि हे भल्या कामाला जितकं लागू तितकंच बुऱ्यालाही.

गेममध्ये शेवटाकडे नायकाला त्याचं खरं नाव सापडतं. त्याला सापडतं, आपल्याला नाही. खेळणाऱ्याला ते शेवटपर्यंत सांगितलेलं नाही, आणि ते सांगितलं असतं तर गेम लहान झाला असता असं मला मनापासून वाटतं. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट उघड होते. तो मेला की परत उठतो हे आपण सुरुवातीपासून वापरत आलेलो असतो. पुढचं दार उघडायला मेलो, लढाईत मेलो, कधी नुसतं बघायला मेलो. त्याच्या प्रत्येक मरणापोटी विश्वात कुठेतरी दुसरं कुणीतरी मरत होतं. त्या मेलेल्यांच्या सावल्या झाल्या, आणि गेमभर त्याच त्याच्या मागावर होत्या.

भाची हत्तीच्या पाठीवरून चालत होती. थांबून म्हणाली, "म्हणजे मी विचारलं होतं ना, गेम ओव्हर नाही तर मजा काय..."

"हो. तेच."

तिन्हीसांजेला पूर्णगडच्या खाडीवरचा पूल ओलांडला. पावसला थांबलो नाही. रत्नागिरीत पोचेपर्यंत अंधार झाला होता.

मंगळवार

थिबा राजवाडा. ब्रह्मदेशचा हा शेवटचा राजा, १८८५ मध्ये इंग्रजांनी पदच्युत केला आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवला. वाडा बांधून झाला १९१० मध्ये, राजा गेला १९१६ मध्ये. वाडा देखणा आहे, लाकूडकाम बघत राहावं असं. मार्गदर्शक पुस्तिका त्याला दुर्दैवी राजा म्हणून संपवतात. पण त्याच्या राज्यारोहणानंतर १८७९ मध्ये राजघराण्यातल्या कित्येकांची कत्तल झाली, त्यात त्याची सावत्र भावंडं होती. हुकूम कुणाचा, दरबाऱ्यांचा की त्याच्या सासूचा, यावर लिहिणारे लिहीत आले आहेत. झाली मात्र त्याच्या नावाने.

"तीस वर्षं इथे बसून तो काय विचार करत असेल?" भाचीने विचारलं.

गेममध्ये रेव्हल नावाची चेटकीण आहे. नायकाला अमरत्व दिलं ते तिने, त्याचं मर्त्यत्व त्याच्यापासून वेगळं काढून. त्याच्या पहिल्या जन्माने तिच्याकडे ते मागितलं, कारण त्याने केलेली पापं एका आयुष्यात फेडता येण्यासारखी नव्हती. तिचा एक प्रश्न आहे, आणि सगळा गेम त्याभोवती फिरतो: माणसाचा स्वभाव कशाने बदलतो? चुकीचं उत्तर देणाऱ्यांना ती मारत आली आहे. आपल्याला मात्र काहीही उत्तर दिलं तरी चालतं, कारण तिचं आपल्यावर प्रेम आहे आणि तिला फक्त आपलं उत्तर ऐकायचं असतं.

"आजी म्हणते स्वभावाला औषध नाही," भाची म्हणाली.

"मी पश्चात्ताप म्हटलं होतं."

"चाललं?"

चाललं, पण गेम पश्चात्तापावर सोडून देत नाही, आणि म्हणून मी त्याला मानतो. शेवटी नायक आपल्यापासून तुटलेल्या मर्त्यत्वासमोर उभा राहतो. त्याला लढून मारता येतं किंवा बोलून, समजावून पुन्हा आपल्यात घेता येतं. दुसरी वाट कितीतरी कठीण आणि सुंदर आहे. एवढं होऊनही त्याला माफी नाही. सोबत्यांचा निरोप घेऊन तो खालच्या नरकलोकांत उतरतो. तिथे राक्षसांचं कधीही न संपणारं युद्ध चालू असतं. तो एक शस्त्र उचलतो आणि त्या गर्दीकडे चालू लागतो. ह्या जन्मात त्याने भलं केलं ते भलंच. आधीच्याचं देणं त्याने फिटत नाही, हे तो मान्य करतो आणि जातो.

उणिवाही सांगायला हव्यात. लढाया बेचव आहेत. सिजिलबाहेर पडल्यावर, विशेषतः कर्स्ट गावानंतर, लिखाण विरळ होतं आणि मारामाऱ्या वाढतात, करणाऱ्यांना वेळ कमी पडला असावा असं जाणवतं. पण मार्क मॉर्गनचं संगीत, डॅक्कॉनचा आवाज, आणि तो दगड... एवढ्यावर मी काहीही सोसायला तयार आहे.

भाट्याच्या किनाऱ्यावरून परत आलो तर भाचीने टॅबवर गेम उतरवून घेतलेला. गुण वाटायचे होते. प्रज्ञेत भरपूर टाक, मग बुद्धीत, ताकदीची फिकीर करू नकोस, एवढंच सांगितलं. जास्त सांगणं तिच्यावर अन्याय झाला असता. जेवायच्या आत ती शवागाराच्या वहीवाल्या म्हाताऱ्याशी बोलून पुढे गेली होती. "हा म्हणतोय मी इथे आधीही आलोय," ती आतून ओरडली. थोड्या वेळाने बाहेर आली.

"मामा, डियोनारा भेटली. तिला काय सांगू? ओळखतो म्हणून सांगितलं तर तिला बरं वाटेल ना?"

"वाटेल."

"पण ते खोटं आहे."

"हो."

तिने आठवत नसल्याचं सांगणारा पर्याय दाबला आणि उभ्या उभ्याच पुढचं वाचायला लागली.